चालत जाता येईल असं कॉलेज

त्या गावात शिरताना आधी वास यायचा. ओल्या पाइनचा, आणि त्याच्या मागून कोंबड्यांच्या कारखान्याचा. नवीन आलेला माणूस घाईने गाडीची काच वर करतो. तिथे राहून झालेला माणूस विचारतो, कसला वास? मी तिथे अकरा वर्षं राहिले. या ऑगस्टमध्ये परत गेले आणि मला वास आला. म्हणजे मी आता त्या गावची नाही, हे फाट्यावरच कळलं.

गाडी माझी मुलगी वैशाली चालवत होती. अलाबामातलं हे लहान गाव, गावात काळ्या लोकांचं जुनं कॉलेज, आणि त्या कॉलेजात वैशाली केमिस्ट्री शिकवायची. नवरा वारल्यावर मी तिच्याकडे राहायला आले ती इथेच. दोन वर्षांपूर्वी तिला ॲरिझोनात, चँडलरला, कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही निघालो. ज्यांना जाता येत होतं ते आधी गेले. आम्ही त्यातले.

आता कॉलेजच बंद झालं होतं. का, ते मला विचारू नका. वैशालीने समजावलं, मला कळलं नाही, आणि तिलाही नीट कळलं असेल असं वाटत नाही. मे महिन्यात शेवटच्या मुलांनी टोप्या उडवल्या, जूनमध्ये फाटकाला साखळी लागली.

मिस अर्लीनचा फोन आला तेव्हा मी चँडलरच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. मिस अर्लीन म्हणजे तिथली आमची शेजारीण, माझ्याच वयाची. तिथे मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आधी 'मिस' लावतात, ती ऐंशीची असली तरी. मला सगळे 'मदर' म्हणायचे. मी कोणाची कोण, पण चर्चमधल्या म्हाताऱ्यांना मदर म्हणतात, त्यात मीही गेले.

ती म्हणाली, "मदर, तू ये. ब्री माझं ऐकत नाही. इथले सगळे तिच्याशी गोड बोलतात. तुला गोड बोलता येत नाही. तू ये."

ब्री म्हणजे ब्रिआना, तिची नात. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आजीजवळ. कॉलेजात तीन वर्षं झाली होती, एक राहिलं होतं. तीन तासांवरच्या शहरातलं मोठं विद्यापीठ तिला शेवटच्या वर्षासाठी घ्यायला तयार होतं. दहा दिवसांत वर्ग सुरू होणार होते. आणि पोरगी हो म्हणत नव्हती. उन्हाळ्यात ती कोंबड्यांच्या कारखान्यात काम करायची, तिथे तिला कायमची जागा देऊ केली होती. ती घेते म्हणत होती, कारण आजीच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस तिला डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागायचं, शेजारच्या तालुक्याला. सरकारी गाडी येते असं सांगतात. कधी येते, कधी नाही. एकदा नाही आली तर मिस अर्लीनचे पाय खांबासारखे सुजतात. दोनदा नाही आली तर काय होतं ते कोणी बोलत नाही.

विमानात बसेपर्यंत मला माहीत होतं की मी त्या पोरीला काय सांगणार. जा, शीक. विमान उतरेपर्यंत ते माहीत राहिलं नव्हतं.

"आई, तिथे जाऊन लेक्चर देऊ नकोस हं," वैशाली गाडीत म्हणाली. "इट्स हर डिसिजन."

मी म्हटलं, लेक्चर तू द्यायचीस, मी नुसती बोलते.  कॉलेजवरून गेलो तेव्हा तिने गाडी हळू केली. तिच्या लॅबच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. गवत गुडघ्याएवढं. फाटकाशी पूर्वी एक माणूस उकडलेल्या शेंगांचा टोप घेऊन बसायचा, तोही नव्हता. शेंगा कोण खाणार तिथे?

ऑगस्टमध्ये त्या गावात ढोल ऐकू यायचे. कॉलेजच्या बँडची पोरं वर्ग सुरू व्हायच्या आधीच येऊन दाखल व्हायची आणि ऊन उतरलं की मैदानावर तालीम धरायची. पाइनच्या झाडांतून तो आवाज आमच्या मागच्या दारापर्यंत यायचा. आधी नुसता ढोल, मग पितळी वाजंत्री, मग मध्येच सगळं थांबायचं आणि मास्तरचं ओरडणं. पुन्हा पहिल्यापासून. तोच तुकडा पंधरा दिवस. मला चीड यायची. वैशालीला म्हणायचे, यांना दुसरं काही येत नाही का? आणि सप्टेंबरात एका शनिवारी ते पूर्ण गाणं वाजवत रस्त्यावरून जायचे, पांढरे बूट, पिवळ्या झालरी, आणि मला सगळं पाठ असायचं. भांडी घासताना मी तेच गुणगुणायचे.

सकाळी कॉलेजची घंटा. तिच्यावर सगळं गाव चालायचं. घंटेला स्वयंपाकघरातल्या बाया आत, घंटेला न्हाव्याचं दुकान उघडं. तिथल्या लोकांना कॉलेज म्हणजे नुसतं शिकणं नव्हतं. कोणाचा नवरा तिथे पहारेकरी, कोणाची बहीण कपडे धुवायला, कोणी पोरांना खोल्या दिलेल्या. मिस अर्लीनने स्वतः कॉलेजच्या भटारखान्यात आयुष्य काढलं. ती बिस्किटं करायची, आपली गोड बिस्किटं नव्हेत, गरम, फुगलेली, लोणी लावून खायची. तिचे दोन्ही मुलगे त्याच कॉलेजात शिकले, आईच्या हातची बिस्किटं मेसमध्ये रांगेत उभं राहून खात. शिकले आणि गेले. एक अटलांटाला, एक शिकागोला. दोघांचे फोटो भिंतीवर, काळा झगा, काळी टोपी. ती फोटोकडे बोट दाखवून म्हणायची, हे दोघं इथे राहतात. म्हणजे भिंतीवर.

आमची ओळख झाली ती शेंगांमुळे. आम्ही राहायला गेलो त्या आठवड्यात ती मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन आली. वैशालीला वाटलं मला ते विचित्र वाटेल. मी तर पायरीवर बसून तिच्यादेखत अर्धी पिशवी संपवली. आमच्याकडे वर्ध्याकडे काय शेंगा उकडत नाहीत? तिचं इंग्रजी सावकाश चालायचं, म्हणून मला कळायचं. वैशालीचं धावतं. तरी त्या दिवशी फारसं बोलणं झालं नाही. शेंग सोलताना तिने माझी बोटं पाहिली. मग माझा हात धरला, उलटा केला, नखांच्या कडेचे जुने वण पाहिले, आणि आपला हात शेजारी ठेवला. तसेच वण. ती एकच शब्द म्हणाली, "कॉटन." तो शब्द मला येत होता. आमच्या जिनिंगमधल्या गाठींवर तो छापलेला असायचा, बापाने दाखवला होता.

बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं फाटतात. सात-आठ वर्षांची असताना फाटली की वण जात नाही. तिची शाळा कापूस फुटला की बंद व्हायची, सगळी पोरं शेतात. तिथली मातीही काळी, आमच्यासारखी, पावसात चपलेला धरून ठेवणारी. माझी शाळा कापसासाठी बंद होत नव्हती. ती चौथीला संपत होती. पाचवी नाल्यापलीकडच्या गावात. बापाने शिकू नको असं कधी म्हटलं नाही. आई उलट म्हणायची की पोरगी हुशार आहे. मध्ये नाला होता, एवढंच. दोन पावसाळे त्याला पूर राहिला, मग मी मोठी झाले.

हे मी मिस अर्लीनला सांगितलं तेव्हा तिने नाल्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, नाल्याला नाव नव्हतं. ती बराच वेळ मान हलवत राहिली.

ती अंगण झाडायची. गवत नाही, फुलं नाहीत, नुसती माती, रोज सकाळी काटक्यांच्या झाडूने स्वच्छ केलेली, झाडूच्या रेघा उमटलेली. गावातल्या तरुण बाया हसायच्या, अंगणात गवत लावायचं सोडून माती कसली झाडते. मी हसले नाही. मी माझ्या बाजूची माती झाडायला लागले. हेमंतात दोघींच्या अंगणात पिकान पडायचे, बदामाचा थोरला भाऊ म्हणा. पहाटे टप टप आवाज यायचा आणि ब्रिआना शाळेत जायच्या आधी वाकून वेचायची. केसांना रंगीत मणी बांधलेले, वाकली की मणी एकमेकांवर आपटायचे. पिकानचा आवाज कोणता आणि मण्यांचा कोणता, घरातून कळायचं नाही.

ब्रिआना कॉलेजात लागली तेव्हा चर्चने तिचं पाउंडिंग केलं. ही तिथली जुनी रीत. नवा पाद्री गावात आला, नवं लग्न झालं, किंवा कोणी घर सोडून निघालं, की प्रत्येक घराने स्वयंपाकघरातली एकेक वस्तू एक पौंड न्यायची. साखर, तांदूळ, मक्याची भरड, खारवलेलं डुकराचं मांस. आपल्याकडे शिधा देतात तसं. वैशाली म्हणाली, ही तर घरूनच जाणार, चालत, कॉलेज एका मैलावर, मग शिधा कशाला? मिस अर्लीन म्हणाली, जाणं ते जाणं.

मला सांगितलं होतं, एक पौंड काहीही. मी एक पौंड काळा मसाला केला. वजनकाटा वैशालीच्या लॅबमधून आणला. दगडफूल, धणे, खोबरं, मिरच्या भाजल्या, घरभर धूर झाला, छताला लावलेली धुराची घंटी केकाटायला लागली, शेजारपाजारचे धावत आले. शेवटी डबा भरून मी तो चर्चच्या हॉलमध्ये साखरेच्या रांगेत ठेवला. पाद्रीबाबांनी झाकण उघडून वास घेतला आणि त्यांना शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. मिस अर्लीनने विचारलं, हा एकदा किती घालायचा? मी चमचा दाखवला. मग तिने डबा पाहिला, पुन्हा चमचा पाहिला. "मदर," ती म्हणाली, "ही पोरगी हे संपवेपर्यंत डॉक्टर होईल." सगळा हॉल हसला. पुढचा सगळा हिवाळा तिने तो कॉलर्डच्या पालेभाजीत घातला, आणि कॉलर्ड आधीपेक्षा बरी झाली हे तिने माझ्याजवळ कधी कबूल केलं नाही.

ती तीन वर्षं, त्यातलं एक मी पाहिलं. सकाळी घंटा झाली की ब्रिआना पाठीला पिशवी लावून निघायची, दुपारी जेवायला घरी, पुन्हा जायची. संध्याकाळी वैशालीच्या पायरीवर वह्या. तिला शिक्षक व्हायचं होतं, गावच्या हायस्कुलात सायन्स शिकवायला माणूस टिकत नव्हता म्हणून. मिस अर्लीन म्हणायची, शिकून इथेच राहणारी ही पहिली निघेल. दोघं भिंतीवर आहेत, ही अंगणात राहील.

या खेपेला पोचलो तेव्हा मिस अर्लीन ओसरीवर बसली होती. हाताला फुगलेली शीर, तिथे सुया टोचतात. अंगणात गवत आलं होतं. मी पाहिलं हे तिने पाहिलं. "बोलू नकोस," ती म्हणाली.  वैशालीला तिने जवळ घेतलं, डॉक्टर (पीएचडी म्हणून तिथे तिला डॉक्टरच म्हणतात), बारीक झालीस म्हणाली, आणि तिकडे चिपा खातेस का फक्त, असं विचारलं. कॉलेजचा विषय कोणी काढला नाही.

ब्रिआना दुपारी कामावरून आली. केसांतून क्लोरीनचा वास. हात गार, लाल, दिवसभर थंडीत कोंबड्या धरून. मोठी झाली होती, पण मोठी म्हणजे काय, चेहऱ्यावरून सगळं उतरून गेलं होतं. मला वाकून मिठी मारली आणि सरळ म्हणाली, "मदर, तुम्हाला बिगमामाने बोलावलंय ना? मला माहीत आहे." आजीला ती बिगमामा म्हणते.

आम्ही मागच्या पायरीवर चवळीच्या शेंगा सोलत बसलो. तिथली चवळी जांभळ्या शेंगांची असते, अंगठे रंगतात. मी ठरवून आले होते की घुमवून फिरवून बोलायचं नाही. मी म्हटलं, जा. एक वर्ष राहिलंय. कारखान्यातली जागा वर्षभराने पण मिळेल, कोंबड्या कुठे जात नाहीत.

ती म्हणाली, मी गेले तर बिगमामा मरेल.

 ती सोलत होती, दाणे पातेल्यात टप टप पडत होते. मग तिने विचारलं, "डॉक्टर इकडे शिकायला आल्या तेव्हा तुम्हाला कोण बघत होतं?"

"कोणी नाही. नवरा होता."

"आणि ते आजारी पडले तेव्हा?"

"ती विमानात होती. पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं."

"मग?"

"मग काय? ती शिकली."

"हे उत्तर नाही, मदर."

खरंच नव्हतं.  मी एवढंच सांगितलं की शाळा दारात असली की कोणीही शिकतं, दूर गेली की कोणाला तरी किंमत पडते, आणि ती कोणाला पडावी हे मला सांगता येत नाही. तिने मान हलवली, तिच्या आजीसारखी. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारामागे वैशाली उभी होती. तिने ऐकलं. नवऱ्याचं हे आम्ही दोघी आपसात कधी बोललो नव्हतो. तिने पाण्याचा नळ सोडला आणि बराच वेळ चालू ठेवला.

रविवारी चर्च. पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या पहिल्या रांगेत, मला त्यांच्यात बसवलं. पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. वेताच्या बाकांचा, पावडरीचा, पुदिन्याच्या गोळ्यांचा वास. गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि पाद्रीबाबा म्हणाले की उपासना संपली की सगळ्यांनी हॉलमध्ये यावं, आपल्या ब्रिआनाचं पाउंडिंग आहे, ती विद्यापीठात निघाली आहे.

ब्रिआना दोन रांगा मागे होती. मी वळून पाहिलं. तिला माहीत नव्हतं.

मिस अर्लीन समोर पाहत पंखा हलवत होती. मला तेव्हा कळलं हिने काय केलंय. पोरीला विचारलं नाही, गावाला सांगितलं. तिथे पाउंडिंग झालेला माणूस मागे राहत नाही. शिधा घेतला की निघायचंच. मी हळूच म्हटलं, मग मला कशाला बोलावलंस? ती ओठ न हलवता म्हणाली, "तुझ्याने झालं असतं तर हे लागलं नसतं. आणि तुझ्याने झालं नाही."

हॉलमधलं टेबल भरलं. तांदूळ, साखर, बटाटे, कॉफी, कोणी खोलीत लावायचा दिवा आणला होता, तो पौंडात बसत नाही पण कोणी बोललं नाही. कारखान्यातल्या बाया कामाच्या बुटांतच आल्या होत्या, रविवारची पाळी. सगळे ब्रिआनाच्या पाठीवर थाप मारत होते. ती हसत नव्हती. पाद्रीबाबा म्हणाले, दोन शब्द बोल.

ती उभी राहिली. सगळ्यांचे आभार मानले, नीट, शिकवलेल्या पोरीसारखे. मग म्हणाली, "तांदूळ तिथेही मिळतात."

थोडे हसले.

"मला पौंड नको. मी गेले तर बिगमामाला मशीनवर कोण नेणार ते सांगा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे साडेपाचला निघायचं, दुपारी परत आणायचं. कोण नेणार?"

"ब्री, खाली बस," मिस अर्लीन म्हणाली.

"नो मॅम."

आजीला, तेही चारचौघांत, नो मॅम. पंखे थांबले. मिस अर्लीनचं तोंड असं झालं की मी तिचा हात धरला, आणि तिने तो सोडवून घेतला.

मग मिस डेलोरिस उठली, केस करायचं दुकान चालवते ती. दुकान सोमवारी बंद असतं, सोमवार माझा, म्हणाली. मागून ऑटिस म्हणून एक म्हातारा आहे, पूर्वी शाळेची बस चालवायचा, तो म्हणाला, शुक्रवारी मी मासे धरायला जातो, मासे थांबतील. मिस अर्लीन मान न वळवता म्हणाली, "ऑटिसच्या गाडीत किडन्यांआधी माझी मान मोडेल." हॉल हसला, ऑटिसही हसला, आणि हसणं संपल्यावर बुधवार राहिला.

बुधवारी कोणालाच जमत नव्हतं. तिथे बसलेल्या निम्म्या बायांची कारखान्यात पाळी, उरलेल्यांना कोणी ना कोणी सांभाळायला. बायका एकमेकींकडे पाहत होत्या, पाळी बदलता येईल का हे हळू आवाजात विचारत होत्या. मला गाडी चालवता येत नाही. येत असती तरी मी तिथे राहत नव्हते. वैशाली माझ्या शेजारी स्वतःच्या बुटांकडे पाहत होती. ती तिथे असती तर बुधवार तिचा असता, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. तिथले लोक सभ्य आहेत.

पाद्रीबाबा म्हणाले, आपण यावर प्रार्थना करू.

"करा," ब्रिआना म्हणाली. "पण बुधवारी गाडी कोण चालवेल?"

 ती अजून थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. बुधवार माझा. बुधवारी वर्ग असलेले विषय मी घेणार नाही. मंगळवारी संध्याकाळी येईन."

"तीन तास," मिस अर्लीन म्हणाली. "यायचे तीन, जायचे तीन."

"होय मॅम."

"दर आठवड्याला."

"होय मॅम."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जणी रडल्या. मिस अर्लीनने टाळी वाजवली नाही, मीही नाही. ती त्या तांदळांकडे आणि दिव्याकडे पाहत होती. तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं.

मंगळवारी निघताना वैशालीने ब्रिआनाच्या गाडीच्या चारही चाकांवर बोट फिरवून पाहिलं आणि न बोलता तिला घेऊन टायरच्या दुकानात गेली. मी आणि मिस अर्लीन ओसरीवर बसलो. ढोल नव्हते, घंटा नव्हती. लाकडं भरलेले लांब ट्रक तेवढे रस्त्यावरून जात होते, एकामागून एक, प्रत्येकाच्या मागे लाल फडकं बांधलेलं. पूर्वीही जात असतील. तेव्हा मला ते दिसले नव्हते.

"रस्ता दोनच गाड्यांचा आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, आम्ही आलो त्यावरून.

आता ऑक्टोबर आहे. मी चँडलरला आहे. इथे वाळू झाडून काढतात आणि दगड पसरतात, त्याला अंगण म्हणतात. वैशाली सकाळी कंपनीत जाते, संध्याकाळी येते, तिकडच्या गोष्टी विचारत नाही. पण बुधवारी ती लवकर येते.

ब्रिआना आजीला मशीनवरून आणते, जेवायला घालते आणि चारच्या सुमारास परत निघते. सातपर्यंत होस्टेलवर पोचून आजीला फोन करते. आजी मला करते. "पोचली," एवढंच म्हणते. मग आम्ही थोडं इकडचं तिकडचं बोलतो, तिला पाणी मोजून प्यावं लागतं त्याबद्दल ती शिव्या देते, ऑटिस शुक्रवारी कसा चालवतो ते सांगते. पोरीचे मार्क चांगले आहेत. ती झोपते कधी, ते कोणी सांगत नाही. त्यांच्या घरात मोबाइल लागत नाही, भिंतीवरचा जुना फोन आहे, त्याच्याखाली खुर्ची टाकून मिस अर्लीन बसलेली असते. तिथे अंधार पडलेला असतो तेव्हा इथे भिंतीवर ऊन असतं.

आज ऊन भिंतीवरून उतरलं आणि फोन आला नाही.

वैशाली म्हणाली, आई, ट्रॅफिक असेल. मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, एक्झॅम्स चालू आहेत, विसरली असेल. मी म्हटलं, असेल. तिने ब्रिआनाला मेसेज केला आणि फोन उलटा करून ओट्यावर ठेवला. मग पुन्हा सरळ केला.

मी कधी स्वतःहून लावत नाही. आज लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत उचलला गेला.

"ब्री?"

"मी आहे," मी म्हटलं.

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. मागे जाळीचं दार वाऱ्याने आपटत होतं.  विचारण्यासारखं एकच होतं आणि त्याचं उत्तर तिच्या आवाजात आलं होतं.

"मदर," ती म्हणाली, "ठेव. लाइन मोकळी ठेव."

मी ठेवला.